काचेच्या कपाटातला पावसाळा

नव्या फ्लॅटचं फर्निचर ठरत असलं की सुताराला हमखास एक सूचना मिळते. टीव्हीशेजारी पुस्तकांसाठी काचेच्या दारांचं कपाट कर. आत एलईडीची पट्टी, मागे प्लायची पाठ थेट भिंतीला भिडवलेली, दाराला छोटं कुलूप. दिवाळीत पाहुणे आले की झकास दिसतं. कोल्हापुरात या कपाटाची परीक्षा जुलैत होते आणि निकाल गौरी-गणपतीच्या साफसफाईला लागतो. दार उघडताच कुबट भपकारा येतो आणि खालच्या कप्प्यातल्या पुस्तकांच्या कण्यांवर पांढुरकी-हिरवट पूड दिसते.

खापर पावसावर फुटतं. पण गगनबावड्याकडून येणारा हा पाऊस गावाला काही नवा नाही. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० सालापासून याच हवेत आहे. घरचं कपाट कुजतं याचं कारण, माझ्या मते, त्यातलं पुस्तक कुणी बाहेर काढत नाही हे आहे. जे पुस्तक अधूनमधून हातात येतं, उलगडलं जातं, पंख्याखाली टीपॉयवर दोन दिवस पडून राहतं, त्याला बुरशी क्वचितच धरते. दसऱ्याला ज्याच्यावर हळद-कुंकू वाहून परत काचेआड ठेवलं जातं, ते आधी जातं. (पूजेला काय हरकत? फक्त पुस्तकावर आधी एक कोरा कागद ठेवावा. कुंकवाचा डाग पुठ्ठ्यावरून निघत नाही.)

कागद हाताला कोरडा लागला तरी तो पूर्ण कोरडा कधीच नसतो. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा कागदात त्याच्या वजनाच्या ६-७ टक्के पाणी असतं. आर्द्रता ८५च्या वर गेली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथे ती दिवसेंदिवस तशीच असते, की हे प्रमाण ११-१२ टक्क्यांपर्यंत चढतं. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. कागदही हवेतून तसंच पाणी ओढतो, पण तो पाझरत नाही, आतल्या आत फुगतो. पुठ्ठा वाकतो, पानं लाटा घेतात. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की बुरशीचे बीजाणू रुजतात. ते हवेत बारमाही असतातच. खायला त्यांना कागदातला स्टार्च, बाइंडिंगची खळ आणि आपल्या बोटांचा घाम पुरतो.

बंद कपाटात ओल शिरत नाही, हा समज अर्धाच खरा. पुस्तकं कोरडी असताना दार लावलं तर कपाट ओलीला थोडं थोपवतं. ओलसर पुस्तकांवर लावलं तर तीच ओल आत कोंडून ठेवतं. त्यात भिंत बाहेरची आणि पश्चिमेची असेल, तर ती पावसाच्या माऱ्यानं पाणी पिते आणि रात्री गार पडते. प्लाय आणि भिंत यांच्यामध्ये हवा हलत नाही. खोलीत सगळं ठीक असताना कपाटाच्या पाठीकडे बुरशीची सोय होते ती यामुळे. बाथरूमच्या मागची भिंत याहून वाईट, कारण तिला उन्हाळाही नसतो.

म्हणून सुताराशी बोलताना रंगाच्या आधी मापं ठरवावीत. कपाटाची पाठ भिंतीपासून किमान दोन इंच पुढे हवी आणि पाठीच्या प्लायला वर-खाली हवेसाठी फटी हव्यात. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर घ्यावा. फरशी पुसताना उडणारं पाणीही तिथपर्यंत पोचू नये. कप्प्याची खोली दहा-अकरा इंच पुरते. त्याहून खोल केला की पुस्तकांची दुसरी रांग लागते आणि मागच्या रांगेचं वर्षभर कुणी तोंड बघत नाही. फळी १९ मिलिमीटरच्या प्लायची असली तरी मध्ये आधार न देता तीन फुटांपेक्षा लांब नको, कारण एक फूट रुंद रांगेचं वजन सात-आठ किलो सहज भरतं. पुस्तकं ठासून भरू नयेत, दोन पुस्तकांत बोट शिरायला हवं. ठासलेल्या रांगेतून पुस्तक काढताना आपण कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतो आणि तिथेच तो फाटतो. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलून मधलं कमरेत धरून काढावं.

काचेबद्दल माझं मत सरळ आहे, नको. धूळ येईल म्हणाल, तर येईलच. पण धूळ ब्रशनं जाते, बुरशीचा डाग जन्मभर राहतो. काच हवीच असेल तर सरकत्या दारांमध्ये फट ठेवा आणि कुलपाची किल्ली हरवून टाका.

घरातली आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र, हायग्रोमीटर, चार-पाचशे रुपयांच्या आत मिळतं. ते दिवाणखान्याच्या मध्यभागी टांगून उपयोग नाही. खालच्या कप्प्यात, पाठीला लागून ठेवा. आकडा ६०च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ६५ ओलांडून तिथेच बसला तर दारं उघडून पंखा लावा. पाऊस उघडून ऊन पडलं असेल तर खिडक्याही उघडाव्यात. संततधार चालू असताना मात्र खिडकी उघडणं म्हणजे ओल घरात बोलावणं. तेव्हा खिडक्या बंद, कपाट उघडं आणि पंखा चालू, एवढंच जमतं. पंखा हवा कोरडी करत नाही. तो गार, साचलेले कोपरे मोडतो आणि बुरशीला तेच नको असतं.

आता त्या 'सिलिका जेल'च्या पुड्या. बुटांच्या खोक्यातून निघालेली दोन-चार ग्रॅमची पुडी पुस्तकांत ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. हिशेब करून बघा. एका कप्प्यात वीस किलो पुस्तकं आहेत आणि त्यांच्यातली ओल फक्त अडीच टक्क्यांनी उतरवायची आहे, तर अर्धा लिटर पाणी काढावं लागेल. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी धरतं. म्हणजे दीड-दोन किलो जेल लागलं, तेही कपाट हवाबंद असेल तर. पाणी कपाटातल्या हवेत नसतं, कागदात असतं, हे ध्यानात घेतलं की पुडीची किंमत कळते. जेल उपयोगी पडतं ते आधीच कोरड्या केलेल्या, मोजक्या, मौल्यवान वस्तूंसाठी. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत हस्तलिखित किंवा जुने फोटो, सोबत कापडी पिशवीत पाव किलो जेल. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून ते पुन्हा वापरता येतं. निळ्या रंगाचं जेल टाळावं, त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. नारिंगी घ्यावं.

पुस्तकं कोरडी करायची तर त्याला मोसम असतो. मार्च-एप्रिलची दुपार त्यासाठी उत्तम. वळवाचा पहिला पाऊस पडायच्या आत हे काम उरकावं. दुसरी संधी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. सकाळी दहा ते दुपारी चार, सावलीत, पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी थोडी उलगडून ठेवायची. गच्चीवर भर उन्हात नको. उन्हानं कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेला घटक, पिवळं पडतं, पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात आणि गोंदानं चिकटवलेल्या बाइंडिंगची पानं सुटतात. स्वच्छ करताना पुस्तक घट्ट मिटून धरावं आणि दोन इंची मऊ रंगाच्या ब्रशनं वरची कड कण्याकडून बाहेर झाडावी. उलट्या दिशेनं झाडलं की धूळ कण्यात जाऊन बसते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल जरा कडक बोलावं लागेल. घरोघरी पुस्तकांत आणि कपड्यांत त्या टाकलेल्या असतात. नॅफ्थलिनची वाफ किड्यांना पळवते, पण बुरशीचं काहीही बिघडवत नाही. आपल्याकडे मूळ दुखणं बुरशीचं आहे. शिवाय नवजात बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असेल, तर नॅफ्थलिनच्या संपर्कानं तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळंतिणीच्या खोलीत पुस्तकांचं किंवा कपड्यांचं कपाट असेल तर या गोळ्या आजच काढाव्यात. त्याहून जुनी सवय गॅमेक्सिन पावडरीची. हे कीटकनाशक, म्हणजे बीएचसी, भारतात १९९७ साली बंद झालं, पण आजोबांच्या काळातल्या कपाटाच्या कोपऱ्यात ती पूड अजून सापडते. ती झाडून उडवू नये. हातमोजे घालून ओल्या फडक्यानं टिपावी, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यावं आणि त्या कपाटातली पुस्तकं वाचल्यावर हात धुवावेत.

कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ही पोथ्यांची जुनी राखण. वेखंडाच्या कांड्या फडक्यात बांधून कपाटात ठेवायला हरकत नाही. पाला मात्र सावलीत पूर्ण वाळवलेला हवा. झाडावरून तोडून थेट पानांत घातलेला हिरवा पाला स्वतःचं पाणी पुस्तकाला देतो आणि वर हिरवट डाग ठेवून जातो.

किड्यांमध्ये कसर सगळ्यांच्या ओळखीची, चंदेरी, चपळ, दिवा लावताच पळणारी. तिला खळ, लेबलं आणि गुळगुळीत कागदावरचा लेप आवडतो. ती कागद वरवर खरवडते. ओलसर हवा हाच तिचा आधार, म्हणून आर्द्रता उतरली की तीही ओसरते. मिठाईच्या आणि ऑनलाइन मालाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून ती घरात येते, तेव्हा पुस्तकं कायमची खोक्यांत ठेवू नयेत. टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे पानावरून फिरताना दिसले तर ते बुरशी खायला आलेले असतात. त्यांना मारण्यापेक्षा ओल कुठून येते ते शोधावं. वाळवीची गोष्ट वेगळी. भिंतीवर मातीची नळी दिसली की ती झाडूनं पाडून समाधान मानू नका, वारूळ जमिनीखाली असतं. तिथे जाणकार माणूस बोलावण्याला पर्याय नाही.

एखाद-दुसऱ्या पुस्तकाला अळीनं गोल भोकं पाडली असतील तर थंडीचा उपाय चांगला. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा गार होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं.

जुन्या पुस्तकांच्या वासावर भाळणारे पुष्कळ आहेत. त्या वासात दोन वास असतात आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. कागद जुना होताना लिग्निन मोडतं, त्याचा एक हलका गोडसर, व्हॅनिलासारखा वास येतो. तो निरुपद्रवी. दुसरा कुबट, तळघरासारखा. तो बुरशीचा. दमा, जुनाट सर्दी किंवा अॅलर्जी असलेल्या माणसानं त्यात नाक खुपसू नये. 'पुस्तक उघडलं की शिंका येतात, मला वाचनाची अॅलर्जी आहे' असं विनोदानं म्हणणाऱ्याला खरंच अॅलर्जी असू शकते, वाचनाची नाही, बीजाणूंची.

बुरशी लागलेलं पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं करावं. बोट लावल्यावर ती चिकट पसरत असेल तर ती जिवंत आहे, अशा वेळी ओलं फडकं फिरवलं की डाग आणखी आत जातो. आधी पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. बुरशी कोरडी, पुडीसारखी झाली की एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशनं झाडायची. पुठ्ठ्यावरून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवता येतो, पण आधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघून. छापील पानांवर तो नको आणि ब्लीच कुठेच नको. जिथे हे पुस्तक होतं तो कप्पाही पुसून वाळवल्याशिवाय त्यात काही परत ठेवू नये.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं हा सर्वांत महागडा स्वस्त उपाय. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग उरतो. फेव्हिकॉल सुटलेल्या कण्याला चालतो, पानाला नाही. त्यानं पान ताठ होतं आणि मग जोडाच्या कडेनं तुटतं. घरची खळ बरी. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि पातळ कापडातून गाळायची. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकून द्यावी. पातळ टिश्यू कागदाची पट्टी कात्रीनं न कापता हातानं फाडून घ्यायची, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. बाइंडर या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, घालतात. रोजच्या वह्यांना ठीक आहे, पण तांबं कागदाचं आयुष्य कमी करतं. जपायच्या पुस्तकासाठी त्यांना तसं आधीच सांगावं. दिवाळी अंकांच्या तारेच्या टाचण्याही इथल्या हवेत गंजतात आणि गंज कागद खातो. मागून टाचणीचे पाय चपट्या सुरीनं उघडून ती अलगद काढावी आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्यानं शिवावं.

हे सगळं रोजच्या ओलीचं झालं. पंचगंगा घरात येते तेव्हा हिशेब वेगळा होतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांत राहणाऱ्यांनी ३९चा आकडा ऐकताच पुस्तकं वरच्या मजल्यावर न्यावीत. टीव्ही-फ्रिजनंतर पुस्तकांचा नंबर लागतो आणि तोवर जिन्यात पाणी असतं. किराणा दुकानातली खोकी ओली झाली की तळातून फाटतात. भाजीचे प्लास्टिक क्रेट घ्यावेत आणि एकात बारा-पंधरा किलोंहून जास्त भरू नये.

पूर ओसरल्यावर भिजलेल्या पुस्तकांना साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी सुरू होते. पुराच्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं सगळं असतं, म्हणून हातमोजे, मास्क आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असणं आवश्यक. आणि आधी निवड करावी. बाजारात आजही मिळणारी कादंबरी पुरात भिजली तर ती टाकून द्यावी. हे ऐकायला निष्ठुर वाटतं, पण तीनशे रुपयांच्या पुस्तकासाठी घरभर बीजाणू पसरवण्यात वाचनप्रेम नाही. वाचवायचं ते हस्तलिखित, टिपणांच्या वह्या, पुन्हा न छापलेली पुस्तकं, घराण्याची कागदपत्रं. मालमत्तेच्या उताऱ्यांची नक्कल सरकारी कचेरीतून मिळते, पणजोबांच्या पत्रांची मिळत नाही.

निवडलेलं पुस्तक ओलं असताना उघडायचं नाही. मिटलेलं घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवून चिखल काढायचा, चोळायचं नाही. शाईचं हस्तलिखित मात्र धुऊ नये. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं सर्वांत आधी हाताळावी लागतात. ती एकदा वाळली की पानांची वीट होते आणि ती पुन्हा सुटत नाही. पान न् पान वेगळं करायला वेळ नसेल तर पिशवीत घालून गोठवावं. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर, वीज असेल तर, अशा वेळी मोठा आधार. गोठलेलं पुस्तक महिनाभरानंही सवडीनं वाळवता येतं. साध्या कागदाच्या पुस्तकात दर वीस-पंचवीस पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घालावा. छापखान्यात रोलचा उरलेला कागद मिळतो. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते. घातलेल्या कागदांची जाडी पुस्तकाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त झाली तर कणा फुटतो. दर दोन-तीन तासांनी कागद बदलायचे, पुस्तक जवळजवळ वाळलं की उभं करायचं आणि शेवटी सपाट करून वर वजन ठेवायचं. हेअर ड्रायर आणि इस्त्री यांना लांब ठेवा.

इतकी उस्तवार किती पुस्तकांची करता येईल? एका घराला शंभर-दीडशेंची नीट करता येते, असं माझं मत. बाकीची फिरती हवीत. 'बुके नको, बुक द्या' ही मोहीम चांगली, पण सत्कारात मिळालेली तीच ती पाच पुस्तकं गावातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या कपाटात प्लास्टिकच्या वेष्टणासह पडून असतात. त्यापेक्षा ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी भेट द्यावी. या शहराला ते शोभेल. कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, भारतातला तो पहिला मानला जातो. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९६७ मध्ये आला.

ग्रंथालयाला पुस्तकं द्यायचीही पद्धत असते. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर टेम्पो भरून पाचशे पुस्तकं दारात उतरवली की ग्रंथपालाच्या अंगावर काटा येतो. त्यातली निम्मी त्यांच्याकडे असतात, काही कसरीनं खाल्लेली असतात आणि नाही म्हणायचं तर देणाऱ्याच्या भावना दुखावतात. आधी यादी करून न्यावी. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, आवृत्तीचं साल आणि स्थिती एवढे पाच रकाने पुरतात. त्यांना हवीत तेवढीच द्यावीत, बुरशी लागलेलं एकही देऊ नये, कारण ते तिथल्या शेकडो पुस्तकांत जाऊन बसतं. आणि बांधण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं एकदा चाळावीत. विम्याच्या पावत्या, जुने फोटो, मुदत ठेवीची पावती, कधी पाचशेची चलनातून बाद झालेली नोट, असं बरंच काही त्यांतून निघतं.